एका वाक्याची तालीम

लातूर नवा जिल्हा झाला, तेव्हा दुष्काळात आमच्या गल्लीला टँकरची वाट बघण्याखेरीज काम नव्हतं. समोरच्या खोलीत एक उतारवयाचा नट भाड्याने राहायचा. नाटकात म्हाताऱ्यांची कामं, रेडिओवर शेतकरी मामा, असं सगळं करून त्याला आता पहिला सिनेमा मिळाला होता. त्यात वाक्य एकच, "पाणी आलं."

एका सकाळी ओट्यावर तालीम करताना तो ते नाटकातल्या आवाजात बोलला. गल्लीतल्या बाया घागरी घेऊन कोपऱ्यावर धावल्या. मीही बादली घेऊन पळालो, म्हणून जास्तच चिडलो. टँकर नव्हताच. तो प्रत्येकीपुढे हात जोडत म्हणाला, "चुकलं माय. नाटकात शेवटच्या रांगेला ऐकू गेलं पायजे, रेडिओत कानात सांगावं लागतंय. शिनेमाचं अजून शिकायलोय." मग स्वतःची घागर घेऊन तोही रांगेत थांबला.

दुपारी टँकर वळणावर दिसला. पुढची म्हातारी म्हणाली, "आता म्हणा की, मामा."

तो टँकरकडे बघतच राहिला. ओठ हलले, आवाज काही फुटला नाही.

म्हातारीची भरलेली घागर उचलून देताना तो मला हळूच म्हणाला, "सापडलं. मघाशी टँकर बघून झालं ना, तसं म्हणायचं हाय."