जास्तीचा ठोका

ड्रमवाल्याला कॅसेट काढायची हुक्की येणं म्हणजे लग्नातल्या वाढप्यानं नवरदेव व्हायचं ठरवणं. बारा वर्षं मी परभणीत बोलावतील त्या ऑर्केस्ट्रात ड्रम बडवले आणि मग लोकगीतांची कॅसेट काढायला निघालो. वाजवणारे मी निवडणार, चूक मी पकडणार. डोक्यात हवाच गेली होती.

सेलूत ओळखीच्या व्यापाऱ्याची माडी मिळाली. लाकडी फळ्यांची जमीन, खिडक्यांना गाद्या लावलेल्या. ढोलकीला पिंगळीचे काका. मला ठेका त्यांनीच शिकवलेला. विद्यापीठाच्या नामांतरावरून दुसऱ्या दिवशी बंद होता, त्यामुळे सगळ्यांना संध्याकाळच्या गाडीनं परतायचं होतं. जे व्हायचं ते त्याच दुपारी. तेव्हा सगळे एकत्रच गात-वाजवत. एक चुकला की गाणं पहिल्यापासून.

हेडफोन लावून, डोळे मिटून मी रेकॉर्डिंगच्या मशीनपाशी खुर्चीवर बसलो. मध्येच धप्. पुन्हा घेतलं. पुन्हा धप्. तिसऱ्या खेपेला गायकाचा आवाज बसायला लागला, तसा माझा पारा चढला.

"काका, एक ठोका जास्तीचा पडायलाय."

"आसंल बाबा. घे परत."

चौथ्यांदाही तेच. "उठा तुमी," मी सगळ्यांदेखत ओरडलो, "तुमचा हात ऱ्हायला न्हाई आता."

काका उठले. मशीन व्यापाऱ्याकडे सोपवून मी मांडी घालून ढोलकी घेतली. गाणं एका दमात झालं, एकही धप् नाही. मला जिंकल्यासारखं वाटलं. जाताना काका एवढंच म्हणाले, "फुडच्या टायमाला मशीनपाशी बी मांडी घालूनच बस." मला वाटलं, म्हातारा टोमणा मारतोय.

पुढच्या कॅसेटला ढोलकीवाला दुसरा आणि धप् तोच. काकांचं मांडीचं बोलणं आठवलं. खाली पाहिलं तर माझी उजवी टाच फळीवर ठोके देत होती. बारा वर्षं याच पायानं मोठा ड्रम वाजवलेला, तो गप्प कसा बसेल? दुसऱ्याचं पाहावं वाकून म्हणतात. मी स्वतःचा पायसुद्धा वाकून पाहिला नव्हता.

तसाच पिंगळीला गेलो. काका ओट्यावर ढोलकीच्या दोऱ्या ओढत होते. लाजेनं माझी मान वर होईना. कसंबसं सगळं सांगितलं.

"मला पयल्याच खेपेला कळालं होतं," ते म्हणाले. "पर चारचौघांत तुला कसं सांगावं? तुझी पयलीच कॅसेट."

मी त्यांना चारचौघांतच उठवलं होतं.