नवरीचं गंगावन

सातवीनंतर माझी शाळा सुटली आणि देवगडकडच्या गावातून मी मुलुंडला आले. आमच्याच वाडीतल्या एका ताईंनी चाळीतल्या पुढच्या खोलीत पार्लर काढलं होतं. त्यांनी मला ठेवून घेतलं, खाऊपिऊ घातलं, हातात कंगवा दिला. ते उपकार मी विसरणार नाही. पण तिथे मी कायम धास्तावलेली असायची. आपल्या हातून काही जळेल, आणि आपल्याला गावी परत धाडतील.

सगळ्यात जास्त भीती कर्लिंगच्या रॉडची. ताईंनी शिकवलं होतं, रॉड आधी वर्तमानपत्रावर टेकवायचा. कागद तांबूस झाला तर निवू द्यायचा. गंगावन, म्हणजे वेणीत घालायचे उसने केस, असेल तर त्यातला एक केस जाळून बघायचा. खऱ्या केसाची राख होते, नायलॉनची गोळी. नायलॉनला रॉड लावायचाच नाही.

कांदिवलीची एक मुलगी यायची. लग्न ठरलं आणि तिला टायफॉईड झाला. ताप उतरला तसे केसही उतरले. राहिले ते विरळ, म्हणून मानेपर्यंत कापावे लागले. आणि सासरच्यांनी तिला पसंत केलं होतं ते वेणी बघून. सासू तसं चारचौघांत बोलली होती. मुलीच्या आईने कोणाला न सांगता गंगावन आणलं. ताईंनी वरचा एक केस जाळला, राख झाली. मग आतला जाळला. गोळी.

"काकू, भेसळ आहे यात."

"आता दुसरं कुठून आणू?" आई म्हणाली. "एवढं लग्न पार पडू दे. मग सांगू सावकाश."

"मग म्हणजे कधी गं आई?" मुलीने आरशातूनच विचारलं. आईने गंगावन परत पिशवीत घातलं.

लग्नाच्या दिवशी हॉलच्या मागच्या खोलीत मी गंगावन आकड्यांनी बसवून वेणी घातली. ताई गजरे आणायला खाली गेल्या होत्या. कानाजवळच्या बटा तेवढ्या तिच्या स्वतःच्या, म्हणून त्यांनाच रॉड लावत होते. इतक्यात नवऱ्या मुलाची आत्या आत आली.

"हे काय, वेणीचं टोक असं सरळसोट? त्यालाही कर्ल दे की."

"टोकाला नको आत्याबाई, केस खराब होतात."

"कोकणातली ना गं तू? लाइटीला घाबरतेस होय! आण इकडे."

त्यांनी माझ्या हातून रॉड घेतलासुद्धा. "अहो, अहो," एवढंच माझ्या तोंडून निघालं. नवरी जागची हलली नाही. चर्र झालं आणि प्लास्टिक जळाल्याचा वास सुटला. आत्याबाईंनी रॉड ओढला तर वेणीचं टोक त्याला चिकटून तारेसारखं लांबत गेलं.

मुलीची आई दाराशीच होती. तिने हात जोडले. बाहेर अक्षता वाटत होते.

आत्याबाईंनी दार लावून घेतलं.

"केस कशाने गेले?"

"टायफॉईड," नवरी म्हणाली.

"आमची वहिनी, तुझी सासू, ऐकून घेणाऱ्यातली नाही." त्यांनी रॉड माझ्या हातात परत दिला. "मी काही पाहिलं नाही. कळलं?" मग जाता जाता वळल्या. "आमच्याकडे गॅस आलेला नाही अजून. स्टो आहे. उद्यापासून सकाळचा चहा सूनबाईंकडे."

ती काळजी होती की आणखी काही, मला आजही सांगता येत नाही.

मी जळकं टोक कापलं आणि गोंडा बांधून लपवलं.

"स्टोपाशी काय करायचं गं?" तिने विचारलं.

"गंगावन काढून ठेव."

"सासूसमोर?"

"मग अंबाडा घाल, वर पदर घे. आणि वाकू नकोस."

"न वाकता स्टो पेटवतात तुमच्या गावाला?" ती हसली. मला हसू आलं नाही.

"आज सांगून टाक ना," मी म्हटलं. "नवऱ्याला तरी."

"त्याच्याशी अजून धड बोललेसुद्धा नाही मी. पहिलं हेच बोलू?"

"हो," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

तिचे मामा दाराशी आले, मुलीला बोलावलंय म्हणाले. ती उठली. आईने शालू नीट केला. मामांचा हात धरून ती मांडवाकडे निघाली तेव्हा मान जराही हलू देत नव्हती.