बिबट्या, नर, वयस्क

वाघाला न घाबरणारी माणसं पुष्कळ असतात. वाघाच्या खोकल्याला घाबरणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो आमच्या हिचा मामा. मामांची सगळी नोकरी परळच्या एका प्रयोगशाळेत गेली. जंगलात पकडलेल्या वाघ-बिबट्यांचं, तरसांचं रक्त तिथे काचपट्ट्यांवर यायचं आणि मामा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून त्या जनावराचं भविष्य सांगायचे. कोणाचं रक्त पाण्यासारखं झालंय, कोणाच्या पांढऱ्या पेशी चढल्यात, आजारी गुरं खाऊन कोणाच्या छातीत क्षय शिरलाय. अख्खा वाघ त्यांनी आयुष्यात फार तर दोनदा पाहिला असेल, पण वाघांच्या आजारांशी त्यांचा घरोबा होता. त्यामुळे झालं काय, की माणसांकडेही ते त्याच नजरेने बघू लागले. लालबागहून गिरगावात बहिणीकडे जायचं तर त्यांना तीन बस लागत, कारण बसमध्ये कोणी दोनदा खोकलं की मामा पुढच्या स्टॉपला उतरत. लग्नकार्यात ते जेवायला बसायचे ते खिडकीशी, आणि यजमानाने आग्रहाने पंख्याखाली बसवलं तर न जेवता घरी जायचे. आमच्या पत्रिका जुळल्या, देण्याघेण्याची बोलणी संपली, तेवढ्यात हा गृहस्थ उठला, माझ्याजवळ आला आणि काही न विचारता त्याने माझ्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्याने ओढली. आत बघून मामा म्हणाले, "रक्त बरं आहे. द्या मुलगी." माझी आई अजून तो प्रसंग सांगताना कपाळाला हात लावते.

लग्नानंतर आम्ही त्यांच्याच सोसायटीत राहायला आलो. मामांची खिडकी आमच्या खिडकीच्या बरोबर समोर, मधे जेमतेम एक चौक. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, ऐंशीला टेकलेले आणि साखरेने पोखरलेले, मामा बिनलग्नाचे. दोघांचं जमलं ते पत्त्यांवर. रोज दुपारी चारला मामा आमच्याकडे येत आणि सात-आठचा डाव मांडत. अण्णा हातचलाखी करायचे, मामांना ती दिसायची, आणि मामा गप्प बसायचे. एवढ्या संशयी माणसाने जगात एकाच माणसाला माफ केलं होतं.

गेल्या दिवाळीनंतर मामांना खोकला लागला. सुरुवातीला आम्हाला गंमत वाटली. मी म्हटलं, "मामा, आता तुम्हीच बसमधून उतरा." ते हसले नाहीत. तीन आठवडे झाले, सदऱ्याची कॉलर गळ्याभोवती सैल दिसू लागली, तरी तपासायचं नाव काढलं की एकच उत्तर, "धूळ आहे हो, जावईबापू. रोज नवा टॉवर चढतोय इथे." आयुष्यभर दुसऱ्याच्या खोकल्याचा पाठलाग करणारा माणूस स्वतःच्या खोकल्यापासून पळत होता.

मग एका रविवारी मी त्यांच्या घरी बसलो असताना प्रयोगशाळेतल्या मॅडम आल्या. मामांच्या हाताखाली शिकून मोठ्या झालेल्या बाई. तोंडाला मास्क. आत न येता दारातूनच म्हणाल्या, "सर, तुम्ही पाठवलेला तो बिबट्या कुठे ठेवलाय?"

मामांनी केलं होतं ते असं. स्वतःची थुंकी आणि रक्ताची काचपट्टी त्यांनी जुन्या ओळखीवर तपासायला पाठवली होती, आणि वर लिहिलं होतं: बिबट्या, नर, वयस्क, शहराच्या हद्दीत सापडलेला.

"वनखात्याकडे आहे," मामा पुटपुटले.

"सर, बिबट्याच्या तांबड्या पेशी माणसापेक्षा लहान असतात. आधी काच वाच, मग नाव वाच, हे मला तुम्हीच शिकवलंत ना?"

मामा खाली बसले. कोकणातून येऊन त्यांना किती वर्षं झाली, पण त्या दिवशी त्यांच्या तोंडून गावचीच भाषा आली. "माका माझा नाव त्या कागदार बघूचा नव्हता गो."

"थुंकीत क्षयाचे जंतू आहेत, सर. भरपूर आहेत. उद्या सकाळी सरकारी दवाखान्यात जायचं. सहा महिने औषध, आणि एक दिवससुद्धा चुकवायचं नाही."

मला खरं म्हणजे तेव्हा मामांच्या खांद्यावर हात ठेवायला हवा होता. माझ्या डोळ्यांपुढे फक्त अण्णा आले. महिनाभर रोज दोन तास, हातभर अंतरावर. मी तसाच जिना उतरलो, घरी गेलो, अण्णांच्या हातातले पत्ते काढून घेतले आणि खाली चौकातल्या कचऱ्याच्या डब्यात फेकले. मग साबणाने हात धुतले, पुन्हा धुतले. खिडकीशी आलो तर समोर मामा उभे होते. त्यांनी सगळं पाहिलं होतं. त्यांनी हळूच खिडकी लावून घेतली.

पत्त्यांतून हा रोग पसरत नाही, हवेतून पसरतो, हे मॅडमनी मला नंतर सांगितलं. अण्णांच्या तपासण्या होईपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. अण्णा घशात काही अडकून ठसकले तरी मी त्यांच्या पाठीला कान लावून बसे. सुदैवाने त्यांना काही निघालं नाही. मामांनी गोळ्या घड्याळ लावून घेतल्या. सहा महिन्यांनी ते पूर्ण बरे झाले, तसा कागद मिळाला, स्वतःच्या नावाचा.

मी पत्त्यांचा नवा जोड घेऊन त्यांना बोलवायला गेलो. मामांनी तो हातात घेतला नाही. लांबूनच नीट बघितला आणि म्हणाले, "कोरा दिसतोय. कशाला उगाच खराब करताय?" टोमणा असता तर मी सहन केला असता. ते खरंच विचारत होते.

आता रोज चारला समोरची खिडकी उघडते. "अण्णा, खोकला नाही ना?" मामा विचारतात. "नाही हो, या की," अण्णा म्हणतात. "येतो, येतो," असं म्हणून मामा तिथेच उभे राहतात. मला त्या हाकेची लाज वाटते. आणि एखाद दिवशी चार वाजून पाच मिनिटं झाली, खिडकी बंदच दिसली, की तितकीच भीतीही वाटते.