फिनेलनं धुतलेला नळ

"हात पुढं कर," सर म्हणाले आणि लांबूनच माझ्या ओंजळीत फिनेल ओतलं. "आता नळ धू. तुह्या हातानं घाण झाला."

मी धुतला. आठव्या दिवशी नळ आले होते. गल्लीतल्या बाया पाण्याचे गुंड-कळश्या घेऊन उभ्या, बघत. नाली उपसताना तहान लागली म्हणून कोपऱ्यावरच्या सार्वजनिक नळाला मी बाटली लावली होती. एवढंच. पण त्या दिवशी पाण्याला वास आला.

"जातपात मानत नाही आम्ही," सर बायांना म्हणाले. "हे आरोग्याचं आहे."

सर म्हणजे गल्लीतलेच रिटायर मास्तर. पहिल्या दिवशी त्यांनी माझं गाव विचारलं, मग आडनाव. पुढं काही विचारलं नाही.

घर सुलतानपूरकडं. मेहकरला गाडी बदलून जायचं तर अर्धा दिवस जातो. सातवीतच शाळा सुटली. इथं माझं कोणी नाही. पालिकेच्या मुकादमानं साफसफाईचं काम दिलं, खोली पाहून दिली. त्यांचे उपकार आहेत, खोटं कशाला बोलू. सरांची तक्रार त्यांच्याकडं जाऊ नये म्हणून पुढच्या आठवड्यातही धुतला. मग तो नेमच झाला. नळ यायच्या आधी मी धुवायचा आणि दहा हात लांब जाऊन उभं राहायचं. वास येतच राहिला.

एकदा नाली उपसत होते. पाण्याचा पाइप नालीतूनच गेलेला. गाळातलं प्लास्टिक ओढताना हात पाइपाला लागला. जोडावर सायकलच्या ट्यूबची पट्टी, सडलेली. तेवढ्यात घराघरात मोटरी सुरू झाल्या आणि माझं बोट भोकाकडं ओढलं गेलं. नालीचं पाणी आत चाललं होतं. माझ्या डोळ्यांसमोर.

"सर, पाइप फुटला. मोटरी नालीचं पाणी ओढून राह्यल्या."

"सातवी शिकली न तू? मले पाणी शिकवते?"

"इंजिनेर बाई आली वं," एक जण म्हणाली. सगळ्या हसल्या. मीही हसले. का हसले, अजून कळत नाही. आणि नळ धुतला.

मुकादमाला सांगितलं. ते म्हणाले, "गप राह्य बाई. उद्या म्हणतीन लिहून दे. देशीन काय लिहून?"

मी फावडं उचललं.

मग मला इंजिनेर म्हणणाऱ्या त्याच बाईची पोरगी जुलाबानं दवाखान्यात गेली. सर मुकादमाला घेऊन नळावर आले. बोट माझ्याकडं. "हिच्यामुळं."

मी ब्रश ओट्यावर ठेवला.

"मीच आणलं तुले इथं," मुकादम हळू बोलले. "धू गुपचूप."

"नाही धुत."

"मग उद्यापासून येऊ नको."

मायला फोन केला नाही. काय सांगणार होते?

काम गेलं. खोलीही जाईल. पाइप तसाच आहे, त्या गल्लीत पाणीही तेच पितात. मी वही आणली. अक्षर वाकडं येतं, मधेच अडतं. कोणता खांब, कोणाच्या घरासमोर, कोणता जोड, सगळं लिहिलं. पालिकेत हा अर्ज वाचतील की नाही, माहीत नाही. पण पोच मिळाल्याशिवाय टेबलापासून हलणार नाही. खाली पूर्ण नाव लिहीन. आडनावासकट.

आणि तो नळ मी पुन्हा धुणार नाही.