सगळ्यात मागचा

मित्रांनो, आत्ताच राईडवरून आलोय. जेवणावर मन नाही, म्हणून लिहितोय.

सकाळी शहाडहून आम्ही चौघं मुरबाडच्या पुढे डोंगरात गेलेलो. आमचा जुना नियम आहे, प्रत्येक फाट्यावर थांबायचं आणि सगळ्यात मागचा आला की निघायचं. मागे कायम संदीपदादा असायचा. कोणाची बाईक बंद पडली तर तोच सोबत थांबायचा.

आज पहिल्या फाट्यावर चौघंही पोचलो, इंजिनं बंद केली आणि मागे बघत बसलो.

बऱ्याच वेळाने निलेश म्हणाला, "अरे, कोणाची वाट बघतोय आपण?"

दादाला जाऊन महिना झाला.

येताना मी मागे राहिलो. फाट्यावर तिघं थांबलेले. मी पोचलो, तरी त्यांची नजर माझ्या मागच्या रस्त्यावरच होती.

सांगा, आता कोण आलं की निघायचं?