नव्या व्हर्जनने गाळलेलं काकांचं नाव

मंडळी, व्हिडिओ एडिटिंगच्या एकाच सॉफ्टवेअरवर बारा वर्षं विश्वास टाकला. त्याची परतफेड आज दुपारी परळमध्ये, मंडळाच्या हॉलमध्ये, सगळ्यांदेखत मिळाली.

शेजारच्या काका-काकूंच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली. काकूंनी आजवर नवऱ्याचं नाव कधीच घेतलं नव्हतं. आजच्या सोहळ्यात दाखवायच्या व्हिडिओसाठी कॅमेऱ्यासमोर मी गळ घातली तेव्हा कुठे उखाणा घेतला. नावापाशी आवाज अगदी बारीक झाला, पण घेतलं.

काल सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन आलं. म्हणालं, 'आवाज स्वच्छ करू?' म्हटलं, कर बाबा. आपलाच माणूस समजून पुन्हा ऐकलंही नाही.

आज पडद्यावर काकू म्हणाल्या, "परळच्या खोलीत पन्नास वर्षं शिजवला वरणभात, कधीच सोडला नाही हात."

मागून कोणीतरी ओरडलं, "काकू, कोणाचा?"

अख्खा हॉल हसला. पहिल्या रांगेत कानामागे हात धरून बसलेले काका तेवढे हसले नाहीत. "नाव नाही घेतलंस होय?" एवढंच म्हणाले. काकू माझ्याकडे बघत राहिल्या.

काकांचं नाव नव्या व्हर्जनला खरखर वाटलं! मूळ रेकॉर्डिंग आहे, संध्याकाळी काकांना हेडफोन लावून ऐकवेन. पण काकूंच्या कानात बसलेलं ते हसू कसं पुसायचं, कोणाला माहीत आहे का?