माणसं लिवा की धा-बारा

"ए पोरी, तू मेंढरात का माणसांत?"

मालकानं हे विचारलं तेव्हा मी नऊ वर्षांची होते. होटगीच्या अलीकडं त्याचं रान होतं आणि आमचा वाडा त्या रानात उतरला होता. वाडा म्हणजे चिरेबंदी, ओसरीचा नव्हे. धनगराचा वाडा म्हणजे चार घोडी, जाळीच्या कुंपणात बसवलेली मेंढरं आणि उघड्यावर मांडलेल्या चुली. आम्ही नातेपुत्याकडची माणसं. दिवाळी झाली की गावातल्या घराला कुलूप घालायचं आणि मेंढरांमागं निघायचं, ते पाऊस तोंडावर आल्यावर परतायचं. रानात मेंढरं बसवली की रानाला खत होतं, म्हणून मालक लोक बोलवायचे. मेंढरं किती यावर ज्वारी किती हे ठरायचं. त्यामुळं मेंढरं मोजायला मालक स्वतः यायचा, एकेकीवर बोट ठेवत.

त्या दिवशी शिरगणतीचे गुरुजी आले होते. वाड्यापासून शंभर पावलांवर मालकाची वस्ती. तिथं लिंबाखाली बाजेवर बसून ते चहा पीत होते. शंभर पावलं चालून ते आमच्यापर्यंत आले नाहीत. वाड्यात माणसं किती, हे त्यांनी मालकाला विचारलं.

मालक म्हणाला, "मेंढरं दोनशे अकरा हायत. ती मी मोजल्यात. माणसं लिवा की धा-बारा."

माझा बा शेजारी हात जोडून उभा होता. गुरुजींनी त्याच्याकडं बघितलं. तोही म्हणाला, "व्हय, धा-बारा."

मला वाटलं, बा चुकला. भाकरी वाढायचं काम माझ्याकडं होतं, मला पानं पाठ होती. मी बाच्या मागून पुढं झाले आणि म्हणाले, "आमी एकोणीस हाय." तेव्हा मालकानं ते विचारलं, मेंढरात का माणसांत. मालक हसला, गुरुजी हसले. हसता हसता त्यांना ठसका लागला. आणि बा पण हसला. मालकाचं हसणं मी कधीच विसरून गेले असते. बाचं हसणं मात्र आजही आठवलं की अंगाची आग होते.

बा धा-बारा का म्हणाला हे मला फार नंतर कळलं. आमच्यात जितं मोजून सांगत नाहीत. जीव मोजला की नजर लागते. मेंढरं किती असं कुणी विचारलं तर "हायत की चार" म्हणायचं. लेकरं किती विचारलं तर एखाददुसरं कमी सांगायचं. बा खोटं बोलला नव्हता. तो त्याच्या रीतीनं आम्हाला जपत होता. गुरुजी शिकलेले होते, उठून आले असते तर त्यांना माणसं दिसली असती. पण ते बाजेवरून उठले नाहीत, त्यांनी बारा लिहिलं आणि आमची सात माणसं कागदावर आलीच नाहीत. कुठली सात, हे कुणी विचारलं नाही. बहुतेक पोरी असणार. मी तर नक्कीच.

गावाकडं तरी आम्ही मोजले गेलो असू, असं कुणाला वाटेल. गावात कुलूप होतं. कुलूपबंद घरापुढं रेघ मारतात.

पुढं आत्यानं मला वाड्यातून काढून आपल्या घरी नेलं आणि शाळेत घातलं. मी डी.एड. केलं आणि सोलापुरात शिक्षिका झाले. यंदा आम्हा शिक्षकांच्या गळ्यात घरोघरी माणसं मोजायचं सर्वेक्षण आलं. बाकीच्या बायका कुरकुरत होत्या. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू.

प्रशिक्षणाला आमचे पर्यवेक्षक पडद्यावर रंगीत गोल दाखवत होते. सोलापूर म्हणजे एक छोटा देशच आहे, असं म्हणाले. मराठी एका रंगात, तेलुगू एका रंगात, कन्नड, उर्दू आपापल्या रंगात. खाली एक करडी फट, तिच्यावर लिहिलेलं 'इतर'. मी हात वर केला. मेंढरांचे वाडे शहराच्या कडेला उतरतात, त्यांना कुठं लिहायचं, असं विचारलं. पर्यवेक्षक म्हणाले, ते हलते लोक, आज इथं उद्या तिथं, ते रंगात धरत नाहीत. हॉलमध्ये हशा पिकला. मी खाली बसले. हात वर केल्याची लाज वाटली, आणि लाज वाटली याचा नंतर घरी जाऊन राग आला.

काम मात्र मी मन लावून केलं. एका बोळात मागावरची तेलुगू माणसं, पुढच्या बोळात घरात कन्नड आणि दारात मराठी बोलणारी, त्याच्या मागं दखनी बोलणाऱ्या बायका. एक म्हातारा विणकर सुनांची नावं सांगताना धाकटीचं विसरला, तर आतून तीच ओरडली. कुणाला आपण सुटलेलं चालत नाही. सगळ्यांना यादीत यायचं असतं.

शेवटी माझ्या हद्दीच्या टोकाला, नव्या प्लॉटिंगच्या मागं, वाडा दिसला. घोडी, जाळी, तीन चुली. मोबाईलवरच्या ॲपमध्ये घर क्रमांक टाकल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. मी पर्यवेक्षकांना फोन लावला.

ते म्हणाले, "मॅडम, घर क्रमांक नाही म्हणजे कुटुंब नाही. सोडून द्या. त्यांना त्यांच्या गावात कुणीतरी मोजेलच."

मी फोन ठेवला. त्या माणसाला मी काय सांगणार होते? कुलूप सांगणार होते, की रेघ?

वाड्यातली म्हातारी माझ्या हातातला मोबाईल बघूनच सावध झाली. किती माणसं विचारायच्या आधीच म्हणाली, "हाय की ईस-बावीस. मोजू नगं बाई."

मी खाली बसले. म्हणाले, "मोजत न्हाय आजी. नावं तेवडी सांगा."

नाव सांगायला नजर आड येत नाही. एकेक जण येऊन चुलीपाशी बसला. मी वही काढली आणि नाव, वय, कुणाचं कोण, लिहीत गेले. आजीनं स्वतःचं वय सांगितलं नाही, ती जन्मली तेव्हा तिच्या बाच्या मेंढरांना रोग आला होता एवढं सांगितलं. एक सून लाजून मागंच उभी होती. तिच्या पदराखाली अकरा दिवसांची पोर होती.

"हिचं बारसं न्हाय झालं अजून," ती म्हणाली. "नाव न्हाय, तर ऱ्हाऊ द्या."

"ऱ्हाऊ देनार न्हाय," मी म्हणाले. लिहिलं, 'बाळ, मुलगी, अकरा दिवस'. सव्वीस नावं झाली. आकडा मी तोंडातून काढला नाही.

शेवटच्या दिवशी सगळ्यांना एक छापील कागद दिला. 'माझ्या विभागात एकही कुटुंब सुटलेले नाही.' खाली सही करायची. मी सही केली नाही. पर्यवेक्षकांनी आधी समजावलं. मग सगळ्यांदेखत म्हणाले, "मॅडमना आपल्या माणसांचा फार पुळका." म्हणजे माझी जात त्यांनी कुठूनतरी काढली होती. पूर्वीची मी असते तर मान खाली घातली असती. मी म्हणाले, "व्हय सर. माजीच माणसं हायत." शाळेत पंधरा वर्षं पुस्तकी मराठी बोलले होते. त्या दिवशी जमलं नाही, आणि जमवायचंही नव्हतं.

परवा कारणे दाखवा नोटीस आली. कामात अडथळा आणल्याबद्दल. सोबतच्या बाई म्हणतात, माफी लिहून टाक, नोकरीचा प्रश्न आहे. नोकरीचा प्रश्न आहेच. घरी दोन लेकरं आहेत, मला भीतीही वाटते. तरी मी उत्तर लिहिलं आहे. 'या सव्वीस जणांना घर क्रमांक नाही, नावं आहेत. ती घेतल्याशिवाय मी सही करणार नाही.' नावांचं पान जोडलं आहे. उद्या सकाळी स्वतः जाऊन आवक शिक्का मारून घेणार आहे.

दुसरी नोटीस येईल. येऊ दे. तोवर वाडा पुढं गेला असेल, कदाचित जेऊरकडं. मी रजा टाकून तिकडं जाईन, पोरीचं बारसं झालं असेल तर तिचं नाव लिहून आणीन आणि दुसऱ्या उत्तराला नवं पान जोडीन. सही मात्र मिळणार नाही.